ऑटोमॅटिक गिअर कोणाचा? दावा, दप्तर आणि सत्य

१९४० सालची ओल्ड्समोबिल ही अमेरिकन मोटार आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांपाशीच पाहायला मिळते. ती बनविणारी ओल्ड्समोबिल ही शाखाही २००४ साली बंद झाली. परंतु ह्या गाडीला मोटारींच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. कारण तिच्यातील काही गाड्यांना क्लचचे पेडलच नव्हते! ५७ डॉलर ज्यादा मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला 'हायड्रामॅटिक' नावाची गिअरपेटी मिळत असे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे गिअर गाडी आपले आपणच बदलत असे. ड्रायव्हरने फक्त ॲक्सिलरेटर दाबायचा, ब्रेक दाबायचा आणि स्टिअरिंग धरायचे. पूर्णपणे स्वयंचलित आणि मोठ्या प्रमाणावर कारखान्यातून बाहेर पडलेली ही पहिली गिअरपेटी होय.

आता वाचक बंधू-भगिनी विचारतील की, अमेरिकेतील ह्या जुन्या गाडीशी आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो महत्त्वाचा आहे.

भीमजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धा, विद्यार्थ्यांची भित्तिपत्रके आणि अलीकडे मोबाईलवरून फिरणारे संदेश ह्यांतून एक यादी आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांनी लावलेल्या शोधांची ती यादी. ट्रॅफिक सिग्नल ह्याने शोधला, विजेचा दिवा त्याने शोधला आणि ऑटोमॅटिक गिअर रिचर्ड स्पाइक्स ह्या कृष्णवर्णीय माणसाने शोधला, असे त्या यादीत ठासून सांगितलेले असते. आपली मुले मोठ्या अभिमानाने हे पाठ करतात. त्यात गैर काही नाही. जगात जेथे जेथे माणसाला माणूसपण नाकारले गेले, तेथील माणसांचे कर्तृत्व आपल्याला आपले वाटते. पण हीच मुले उद्या कॉलेजात जातात, तेथे कोणी तरी पुस्तक उघडून दाखवतो की, ऑटोमॅटिक गिअर स्पाइक्सच्या आधी अस्तित्वात होता. मग वर्ग हसतो. मुलगा किंवा मुलगी मान खाली घालते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एक दावा खोटा ठरला म्हणून सगळी यादीच खोटी, असे हसणारे आणि हसे झालेले दोघेही समजून बसतात.

म्हणून हा वाद काय आहे, कोणाचा दावा किती खरा आहे, हे एकदा नीट तपासून घ्यावे, असे आम्हाला वाटले.

गिअर म्हणजे काय?

ज्यांच्या घरात ट्रक, टेम्पो किंवा रिक्षा चालवणारे कोणी आहे, त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिन फिरते जोरात, पण उभी असलेली जड गाडी हलवायला वेगापेक्षा ताकद अधिक लागते. गाडी पळू लागली की ताकद कमी आणि वेग जास्त लागतो. हा हिशेब लहान-मोठी दातेरी चाके एकमेकांत अडकवून जमवतात. त्यालाच गिअर म्हणतात. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना इंजिनाचा आणि चाकांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. ते काम क्लचचे. दिवसभर घाटात किंवा शहराच्या गर्दीत गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय संध्याकाळी का दुखतो, ते ह्यावरून कळेल.

हे काम यंत्राने स्वतः करावे, ह्यासाठी तीन गोष्टी साधायला हव्या होत्या. पहिली, क्लच न दाबता इंजिन आणि चाके ह्यांना मऊपणे जोडणे. दुसरी, चाके एकमेकांतून न काढता गिअर बदलणे. तिसरी, गिअर कधी बदलायचा हे यंत्राला कळणे. पहिल्यासाठी तेलाचा उपयोग झाला. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणि पंख्यांच्या जागी पात्यांची दोन चाके बंद डब्यात ठेवली की झाले. दुसऱ्यासाठी मध्ये एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि सर्वांना वेढणारे एक कडे, अशी ग्रहमालेसारखी रचना वापरली गेली. तिसऱ्यासाठी गाडीच्या वेगाप्रमाणे तेलाचा दाब कमी-जास्त करणारी योजना करण्यात आली.

ह्या तीन गोष्टी तीन ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या हातून वाढल्या. वादाचे मूळ येथेच आहे.

दावेदार किती?

अमेरिकेतील बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ साली एक गिअरपेटी पुढे आणली. वेग वाढला की आतील वजने बाहेरच्या बाजूला फेकली जात आणि त्यांच्या जोरावर गिअर बदले. कल्पना उत्तम होती, पण त्या काळच्या धातूला तो ताण सोसला नाही. तरीही स्वयंचलित गिअरची पहिली पायरी म्हणून अनेक अभ्यासक तिच्याकडेच बोट दाखवतात.

त्यानंतर वर्षभराने, १९०५ साली, जर्मनीत हर्मान फ्योटिंगर ह्या अभियंत्याने तेलातून ताकद पोहोचवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पण ते मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी! फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत ग्रहमालेसारखी चाके होती, पण ती पायाने चालवावी लागत.

कॅनडातील रेजायना शहराच्या आल्फ्रेड मन्रो ह्या वाफेच्या इंजिनांच्या अभियंत्याने १९२१ साली स्वयंचलित गिअरची रचना केली आणि १९२३ साली तिचे कॅनडाचे पेटंट मिळवले. त्याची गिअरपेटी तेलावर नव्हे, दाबलेल्या हवेवर चालणारी होती. हवेत पुरेसे बळ नव्हते, म्हणून ती बाजारात आली नाही. कॅनडात मात्र शोधाचे श्रेय मन्रोला देणारे लोक आहेत.

ब्राझील देशात वेगळीच हकीकत सांगतात. होझे ब्राझ आरारीपे आणि फेर्नांदो लेम्स ह्या दोन ब्राझीली अभियंत्यांनी १९३२ च्या सुमारास तेलावर चालणारी गिअरपेटी बनवली आणि ती जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीला विकली. कंपनीने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले, एकरकमी दहा हजार डॉलर किंवा विकलेल्या प्रत्येक गाडीमागे एक डॉलर. दोघांनी दहा हजार घेतले, असे तेथे सांगतात.

आणि ह्याच १९३२ सालाच्या ६ डिसेंबरला, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने १८,८९,८१४ क्रमांकाचे पेटंट दिले. त्यावरचे नाव होते रिचर्ड बी. स्पाइक्स.

स्पाइक्स यांनी काय केले?

रिचर्ड स्पाइक्स यांचा जन्म १८७८ सालचा. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे गुलामगिरी संपून अवघी तेरा वर्षे झाली होती. त्या देशाच्या दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाणी पिण्याचा नळही वेगळा, अशी कायद्याने उभी केलेली अस्पृश्यता ह्यानंतरच्या काळात पक्की होत गेली. अशा वातावरणात वाढलेल्या ह्या माणसाच्या नावावर पुढे एकामागून एक पेटंटे जमा झाली. १९१० साली बिलियर्ड खेळाच्या साहित्यासाठीची मांडणी, १९२६ साली दुधाची बाटली उघडण्याचे आणि झाकण्याचे एकच साधन, १९३१ साली मोठ्या टाकीतील द्रवाचा सरासरी नमुना आणि तापमान काढण्याची रीत. १९३२ साली स्वयंचलित गिअर बदलण्याची यंत्रणा. १९३३ साली त्याच विषयावर आणखी एक पेटंट. आणि २ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, गाडीचा मूळ ब्रेक दगा देईल तेव्हा कामास येणाऱ्या सुरक्षा ब्रेकचे पेटंट! दुसऱ्याच वर्षी, १९६३ साली, त्यांचे निधन झाले.

ही माहिती कागदावर आहे. क्रमांक आहे, तारीख आहे, आकृत्या आहेत. कोणी कितीही नाक मुरडले तरी ती पुसता येणार नाही.

पण ह्या कागदाच्या आधाराने 'ऑटोमॅटिक गिअर स्पाइक्स यांनीच शोधला' असे म्हणता येत नाही. त्यांच्या आधी स्टर्टेव्हंट आहेत, मन्रो आहेत. त्यांच्याच काळात दुसरे अनेक जण त्याच विषयावर पेटंटे घेत होते. पेटंट म्हणजे 'ह्या विषयातला पहिला माणूस' असे प्रशस्तिपत्र नव्हे. ह्या कामाची ही विशिष्ट रीत नवीन आहे आणि ती ह्या माणसाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याप्रमाणे सात-बाराच्या उताऱ्यावर नाव असले म्हणून कोणी साऱ्या गावाचा मालक होत नाही, त्याप्रमाणेच हे आहे. गट क्रमांक आपला असतो, शिवार सर्वांचे असते.

ओल्ड्समोबिलची पेटी कोणाची?

मग १९४० च्या त्या ओल्ड्समोबिलमधली पेटी कोणाची? जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्प्सन नावाचे अभियंते होते. गिअर बदलताना होणारी दात्यांची खडखड थांबवणारी योजना त्यांनी तयार केली होती आणि ती १९२८ सालच्या कॅडिलॅक गाडीत आली. पुढे त्यांच्या हाताखालच्या तुकडीने १९३७ च्या ओल्ड्समोबिलसाठी अर्धी स्वयंचलित गिअरपेटी बनवली. तिला अजून क्लच होता. तेलाची जोडणी, ग्रहमालेसारखी चाके आणि तेलाच्या दाबाने चालणारे नियंत्रण ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आणून हायड्रामॅटिक तयार झाली. १९४१ साली ती कॅडिलॅकमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांत बसली. १९५२ साली तर रोल्स-रॉइससारख्या इंग्रज कंपनीनेही तीच पेटी आपल्या गाड्यांसाठी घेतली.

१९६३ साली थॉम्प्सन यांना एल्मर स्पेरी पारितोषिक देण्यात आले. त्यावेळी पारितोषिक देणाऱ्यांनी एकट्या थॉम्प्सन यांचे नाव घेतले नाही. त्यांच्या पाच सहकाऱ्यांचाही नामनिर्देश केला. आणि गौरव करताना त्यांनी ती 'पहिली स्वयंचलित गिअरपेटी' आहे असेही म्हटले नाही. उल्लेखनीय यश मिळवणारी पहिली, असे जपून म्हटले. ज्यांच्यापाशी कंपनी होती, पैसा होता, प्रसिद्धी होती, त्यांच्याही गौरवात एवढी काटेकोर भाषा वापरली गेली. आपण ती का वापरू नये?

हायड्रामॅटिकच्या घडणीची जी हकीकत प्रसिद्ध आहे, तिच्यात स्पाइक्स यांचे नाव येत नाही. त्यांची यंत्रणा उचलून कंपनीने ही पेटी बनवली, असे म्हणायला कागद लागतो. तो समोर आलेला नाही.

बाबासाहेबांची कसोटी

येथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जर्मन कवी गटे ह्याच्या मताचा दाखला दिला आहे. इतिहासकाराने खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित, संशयास्पद आणि मुळीच न स्वीकारण्याजोगे ह्यांची निवड केली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ज्या समाजाचा इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही, त्या समाजाचा शोध घेताना बाबासाहेबांनी स्वतःला ही अट घालून घेतली. पुरावा तुटक असेल तेथे तर्क करावा लागेल हे त्यांनी मान्य केले, पण तर्काला त्यांनी तर्कच म्हटले. त्यावर सिद्ध झाल्याचा शिक्का मारला नाही.

आम्ही कारकुनी पेशातली माणसे. कागदाला कागद जोडल्याखेरीज आमच्याकडे फाईल पुढच्या टेबलावर जात नाही. त्याच सवयीने गिअरच्या दाव्यांचे कप्पे केले तर असे होतात.

निश्चित काय? स्पाइक्स यांना १९३२ आणि १९३३ साली गिअरच्या यंत्रणेची पेटंटे मिळाली आणि १९६२ साली ब्रेकचे. अनिश्चित काय? आरारीपे आणि लेम्स यांच्या दहा हजार डॉलरची गोष्ट. तसेच १९१३ साली पिअर्स-ॲरो गाडीला वळण्याची खूण दाखवणारे दिवे स्पाइक्स यांनी बसवले, ही गोष्टही अनिश्चितच. ती पुष्कळ ठिकाणी छापलेली आहे, पण तिच्यामागे पेटंटाचा आधार नाही. न स्वीकारण्याजोगे काय? स्वयंचलित गिअरचा पहिला आणि एकमेव जनक अमुक एक माणूस, असे कोणाचेही नाव. मग तो काळा असो वा गोरा, ब्राझीलचा असो वा कॅनडाचा.

यादी जन्माला का आली?

आता दुसरी बाजू पाहू. कारण दावा फुगलेला आहे एवढे सांगून थांबणारा माणूस अर्धेच सत्य सांगतो. काळ्या शोधकर्त्यांची यादी करण्याची पाळी मुळात का आली?

१८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. त्याच सुमारास मिसिसिपी राज्यातील ऑस्कर स्टुअर्ट ह्या मळेवाल्याने पेटंटसाठी अर्ज केला. कापसाच्या शेतातील कामाचे एक नवे अवजार त्याचा गुलाम नेड ह्या लोहाराने तयार केले होते. स्टुअर्टचे म्हणणे असे की, गुलाम माझा, म्हणून त्याच्या डोक्यातून निघालेली कल्पनाही माझी! पेटंटच्या कायद्याप्रमाणे 'हा शोध मी लावला' अशी शपथ अर्जदाराने घ्यायची असते. मालकाला ती घेता येईना, कारण शोध त्याचा नव्हता. नेडला ती घेता येईना, कारण तो नागरिक नव्हता. १८५८ साली सरकारच्या सर्वोच्च कायदा सल्लागाराने मत दिले की, गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही.

आपल्या वाचकांना ह्यावर अधिक सांगण्याची गरज नाही. चामडे कमावण्यासाठी कोणती साल किती दिवस भिजत घालायची, हे ज्ञान आपल्याकडे कोणी शोधले? त्याचे नाव कोणत्या पोथीत आहे? हात विटाळाचे ठरवले गेले आणि त्या हातांतून निघालेला जोडा मात्र सर्वांच्या पायाला चालला! नेडचे अवजार घ्यायचे पण नेडला शोधकर्ता म्हणायचे नाही, ही तीच रीत.

गुलामगिरी गेली, तरी 'काळ्यांनी जगाला काय दिले?' हा कुत्सित प्रश्न राहिला. त्याला उत्तर देण्यासाठी १८९४ साली जॉर्ज वॉशिंग्टन मरे हे खासदार अमेरिकन प्रतिनिधिगृहात उभे राहिले. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. त्यांनी काळ्या शोधकर्त्यांच्या पेटंटांची यादीच सभागृहापुढे ठेवली. त्यांत त्यांची स्वतःची, शेतीच्या अवजारांची पेटंटेही होती.

पण त्या यादीमागचे दप्तर सांभाळणारा माणूस वेगळाच होता. हेन्री बेकर हे त्याचे नाव. नौदलाच्या अकादमीत प्रवेश मिळवलेल्या ह्या कृष्णवर्णीय तरुणाला तेथून बाहेर पडावे लागले. १८७७ साली तो पेटंट कार्यालयात नक्कल करणारा कारकून म्हणून लागला आणि पुढे सहाय्यक परीक्षकाच्या पदापर्यंत चढला. पेटंटच्या कागदावर अर्जदाराचा वर्ण लिहिलेला नसतो. मग हजारो-लाखो पेटंटांतून काळ्या माणसाची पेटंटे ओळखायची कशी? १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरणार होते, त्यानिमित्ताने पेटंट कार्यालयातून देशभरच्या वकिलांना, वृत्तपत्रांच्या संपादकांना आणि कारखानदारांना पत्रे गेली. तुमच्या माहितीत कोणी कृष्णवर्णीय शोधकर्ता आहे काय, असे विचारण्यात आले. आलेले प्रत्येक उत्तर बेकर यांनी कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहिले. जेथे नोंद जुळली तेच नाव त्यांनी धरले. अशी साडेतीनशेहून अधिक पेटंटे पॅरिसला मांडली गेली. पुढे १९१३ साली त्यांनी ह्या विषयावर पुस्तिकाही लिहिली.

पॅरिसच्या त्या दालनाची मांडणी करणाऱ्यांत एक तरुण प्राध्यापक होते, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. ह्याच ड्यू बॉइस यांना १९४६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंनी (त्या काळी हाच शब्द वापरत) संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली आणि त्या समाजाच्या प्रश्नाचा आपण विद्यार्थी आहोत, असेही कळवले. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला आपुलकीचे उत्तर धाडले. पुढे १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, तेही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच. तेव्हा ह्या यादीशी आपले नाते दूरचे नाही. पण नाते आहे म्हणूनच बेकर यांची शिस्तही आपल्याला लागू आहे. यादी फुगवणे म्हणजे त्यांच्या कामाचा सन्मान नव्हे.

खरे तेवढेच पुरेसे आहे

यादीतील इतर नावांनाही हीच कसोटी लावून पाहा. ट्रॅफिक सिग्नल गॅरेट मॉर्गन यांनी शोधला, असे म्हणतात. हे बरोबर नाही. लंडनला १८६८ साली गॅसचा सिग्नल होता आणि अमेरिकेच्या क्लीव्हलंड शहरात १९१४ साली विजेचा लागला होता. पण मॉर्गन यांना १९२३ साली ज्या सिग्नलचे पेटंट मिळाले, त्यात सर्व बाजूंची वाहने एकदम थांबवण्याची सोय होती. चौकात अडकलेल्या वाहनाला आणि पायी जाणाऱ्याला निघून जायला वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार. ह्याच मॉर्गन यांनी धुरातून श्वास घेण्याचा टोप तयार केला आणि १९१६ साली क्लीव्हलंडच्या तळ्याखालील बोगद्यात स्फोट झाला तेव्हा तो घालून स्वतः आत उतरले, माणसे बाहेर काढली. गोऱ्या गिऱ्हाइकांनी विकत घ्यावा म्हणून त्यांना तोच टोप गोऱ्या माणसाला पुढे करून विकावा लागत असे!

विजेचा दिवा लुईस लॅटिमर यांनी शोधला, हेही खरे नाही. पण दिव्यातील कार्बनची तार चांगली बनवण्याच्या रीतीचे १८८२ सालचे पेटंट त्यांचे आहे. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून पळून आलेले होते. एलायजा मकॉय यांचे आईवडीलही तसेच. मकॉय एडिंबरोला जाऊन यंत्रविद्या शिकून आले, पण रेल्वेने त्यांना इंजिनात कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम दिले. तेलासाठी गाडी सारखी थांबवावी लागते हे पाहून त्यांनी चालत्या यंत्राला आपोआप तेल पुरवणारे साधन बनवले आणि १८७२ साली पेटंट घेतले. तेल घालायला ठेवलेल्या माणसाने तेल घालण्याचे कामच यंत्रावर सोपवले!

आम्ही विचारतो, ह्या खऱ्या हकीकतींत काय कमी आहे? ह्यांना 'जगात पहिला' अशी शेपटी कशाला जोडायची? 'पहिला' हा शब्द गेला की ह्या माणसांचे कर्तृत्व उणे होत नाही, उलट ते डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते. गुलामगिरीनंतर तेरा वर्षांनी जन्मलेला एक काळा मुलगा ८३ व्या वर्षापर्यंत यंत्रांच्या आकृत्या काढत राहतो आणि सरकारला आपले नाव नोंदवायला लावतो. वक्तृत्व स्पर्धेसाठी ह्यापेक्षा मोठा विषय कोणता हवा?

आणि जे लोक एक दावा खोडून काढून 'पाहा, काळ्यांनी काहीच केले नाही' असा निष्कर्ष काढतात, त्यांनाही पेटंट कार्यालयाचे हेच दप्तर दाखवावे. त्यांचे म्हणणे तर फुगवलेल्या दाव्याहूनही अधिक खोटे आहे.

पालकांना आणि कार्यकर्त्यांना विनंती

कालाम लोकांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, सांगणारा आपला आहे म्हणूनही एखादी गोष्ट मानू नये, तपासून घ्यावी. हा उपदेश फक्त दुसऱ्यांच्या पुराणांसाठी नाही. आपल्याला आवडणाऱ्या, आपली मान उंचावणाऱ्या गोष्टींनाही तो तितकाच लागू आहे. किंबहुना तेथे तो अधिक लागू आहे, कारण आवडती गोष्ट तपासायला मन तयार होत नाही.

म्हणून मुलांना भाषण लिहून देताना प्रत्येक दाव्यासमोर तीन प्रश्न लिहायला शिकवा. हे कोणत्या साली झाले? ह्याचा कागद कोणता? आणि ह्याच्या आधी कोणी केले होते काय? तिन्ही उत्तरे मिळाली तर छाती पुढे काढून बोला. नाही मिळाली तर 'असे सांगतात' एवढेच म्हणा. असे बोलणाऱ्या मुलाला कोणताही वर्ग हसू शकणार नाही.

आणखी एक काम आहे. आपल्याच वस्तीत गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, छापखान्यात, गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेली माणसे आहेत. कोणी एखाद्या यंत्राला अशी जोडणी केली असेल की काम निम्म्या वेळात होऊ लागले. त्याचे नाव कोठे लिहिले आहे? नेड लोहाराचे नाव त्याच्या मालकाच्या अर्जामुळे तरी कागदावर राहिले. आपल्या माणसांचे तेवढेही राहणार नाही. विहाराच्या वाचनालयात एक जाड वही ठेवा. नाव, कारखाना, साल, केलेली सुधारणा आणि ती पाहिलेल्या दोन माणसांच्या सह्या एवढे त्यात उतरवून घ्या. चांगली अक्षरे असलेल्या मुलींना आणि मुलांना हे काम सांगा. ज्यांची माणसे म्हातारी झाली आहेत, त्यांनी हे आधी करावे.

हेन्री बेकर ह्यांनी ह्याहून वेगळे काही केले नव्हते. एका कारकुनाने नीट ठेवलेल्या नोंदी शंभर वर्षांनंतरही एका समाजाची बाजू मांडत आहेत.

जय भीम!